बिनटॅगची रेकॉर्ड

आमच्या बीदरकडच्या औरादमध्ये एखाद्याला येडं ठरवायला लई कारणं लागत न्हाईत. उन्हाळ्यात स्वेटर घातला, झालं. बाजारात भाव न करता भाजी घेतली, झालं. चन्नप्पा अप्पा ह्यातलं काहीच करत न्हवते. तरी गावानं त्यांना येड्यात काढलं, आणि ते बी अमेरिकेतल्या एका मेलेल्या म्हाताऱ्यामुळं.

तो म्हातारा पियानो वाजवायचा. जॅझ. त्याचं नाव मी इथं लिहीत न्हाई, कारण अप्पांच्या दुकानात ते घ्यायला बंदी होती. गुटख्याच्या तोंडानं त्याचं नाव घ्यायचं न्हाई, म्हणायचे. मी गुटखा खात न्हाई म्हणलो तर म्हणले, तरी बी घेऊ नको, उच्चार चुकतोस. म्हणून आम्ही सगळे त्याला नुसतं मास्तर म्हणायचो. औरादमध्ये 'मास्तर काय वाजवलाय' म्हणलं की लोक शाळेची घंटा समजायचे.

अप्पांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, आणि त्यांच्या बायकोच्या, अक्काच्या, चुलीच्या बरोब्बर वर एक खोली. त्या खोलीत दोन लोखंडी कपाटं, रेकॉर्ड प्लेअर आणि दोन स्पीकर. स्पीकर एवढे मोठे की पहिल्यांदा बघितलो तेव्हा वाटलं, अप्पांनी पिठाची गिरणी टाकली. कपाटात मास्तरच्या रेकॉर्डी. तरुणपणी हैद्राबादला शिकायला होते, तिथं घरमालकानं एक रेकॉर्ड ऐकवली आणि माणूस कामातून गेला, एवढंच मला माहीत. बाकीचं चरित्र त्यांच्या पोराला विचारा.

माणूस दिसायला झकास. कपाळावर तीन बोटं विभूती, पांढराफेक शर्ट, खिशाला दोन पेन. बोलायचं म्हणलं की एक डोळा बारीक, हनुवटी वर, आणि सुरुवात ठरलेली, "तुला कळणार न्हाई, पण सांगतो." युरिया कधी टाकायचा सांगायचं असलं तरी हेच. तहसीलदाराला बी हेच. एकदा जंगम स्वामी घरी पूजेला आले होते, त्यांना शिवाचं सांगायला लागले ते बी ह्याच वाक्यानं. स्वामींनी डोळे मिटून घेतले. अप्पांना वाटलं ध्यान लागलं.

ह्या माणसाची नक्कल करायची न्हाई तर कुणाची करायची? मी तर नकला करूनच मोठा झालो. हेडमास्तर, कंडक्टर, पशुवैद्य, सगळे माझ्या गळ्यात. एकदा बानं मला सोयाबीनचं बियाणं आणायला पाठवलं. दुकानात अप्पा दिसले न्हाईत म्हणून रांगेतल्या लोकांना मी अप्पा करून दाखवायलो. लोक पोट धरून हसले आणि एकदम गप झाले. मी वळून बघितलो तर अप्पा मागं उभे.

म्हणले, "मान डावीकडं जास्त पाडायलास. मी एवढी पाडत न्हाई. वर ये."

मला वाटलं वर नेऊन हाणणार. वर नेऊन त्यांनी मला पाटावर बसवलं आणि मास्तर लावला. नक्कल करणाऱ्याला कान असतोय, असं त्यांचं म्हणणं. आणि अप्पांना त्या वर्षी कानाची लई गरज होती. त्यांचा पोरगा बेंगळुरूला. त्यानं फोनवर सांगून टाकलं होतं, दिवाळीनंतर वरची खोली कम्प्युटर क्लासला भाड्यानं द्यायची, कपाटं काढा. ऐकायचंच असंल तर सगळं फोनमध्ये हाय. मग अप्पांनी ठरवलं, दिवाळीच्या आत औरादमध्ये एक तरी माणूस हुडकायचा, ज्याच्या घरी ही कपाटं जातील आणि वाजत राहतील. फुकट देणार होते. पण अट होती. त्या माणसाला मास्तर कळला पाहिजे.

कळायचा म्हणजे कसा, तर अप्पांना कळला तसा. बियाण्याच्या पोत्याला टॅग असतंय, शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. पिवळा टॅग म्हणजे मूळ बियाणं, सगळ्याची आई. त्याच्या खाली पांढरा. त्याच्या खाली निळा, जो आपण विकत आणून पेरतो. आणि ज्याला टॅगच न्हाई ते पेरायचं न्हवंच, ते खायचं धान्य. दळा, भाकरी करा, विषय संपला. अप्पांनी मास्तरच्या सगळ्या रेकॉर्डींना असे टॅग बांधले होते, दोऱ्यानं, खऱ्या पोत्यांवरचे काढून. मास्तरनं आयुष्यभर जे काय वाजवलं, त्याची औरादच्या कृषी केंद्रात प्रतवारी झाली होती. त्याला हे कळलं असतं तर बिचारा हार्मोनियमकडं वळला असता.

पिवळ्या टॅगच्या रेकॉर्डी लई अवघड. एकीत मास्तर एक सूर दाबायचा आणि थांबायचा. एवढा थांबायचा की मला वाटायचं लाईट गेली. एकीत तो वाजवता वाजवता घशातून घुमायचा, दाढ दुखायल्यासारखा. अप्पा मांडीवर बोटं आपटून मात्रा मोजायचे आणि मोजता मोजता बोलायचे. इथं बघ, आता डावा हात कसा येतोय, आता ऐक, आला, बघ, गेला. डावा हात आला कधी गेला कधी, आम्हाला ऐकू यायचं न्हाई, कारण अप्पा बोलायलते.

रविवारी सकाळी बैठक. येणारे लोक मास्तरसाठी येत न्हवते. अक्का सुशीला करायची. चुरमुरे भिजवून, वरून शेंगदाण्याचा कूट, कढीपत्ता, मिरची. त्या सुशील्यासाठी मी मास्तरच काय, मास्तरच्या सासऱ्याला बी ऐकलो असतो. नेमानं येणारे दोघंच, मी आणि नरसिंगकाका. नरसिंगकाका आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. त्यांना वाटलेलं, पियानो म्हणजे मोठी पेटी, म्हणजे आपलाच माणूस.

पहिल्याच रविवारी घोळ झाला. आमच्या भजनात एक रीत हाय. पेटी थांबली की फुटाण्याचं ताट फिरतंय. डोळे मिटलेले असले तरी हात आपोआप पुढं येतोय, तळवा वर. लहानपणापासनं अंगात मुरलंय, शिकवायला लागत न्हाई. आता ह्या जॅझमध्ये पियानो मधीच थांबतोय आणि एकटा बेस वाजतोय. बेस म्हणजे माणसाएवढी उभी सारंगी समजा, धुम् धुम् करणारी. तर पियानो थांबला आणि त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांचे हात पुढं आले. डोळे मिटलेले, तळवे वर. नरसिंगकाकांचा तर थेट अप्पांच्या नाकाखाली.

अप्पांनी सुई उचलली. थंड आवाजात म्हणले, "हात मागं घ्या. मास्तर थांबलेला न्हाई. मास्तर ऐकायलाय."

नरसिंगकाका म्हणले, "ऐकू द्या की अप्पा. तवर फुटाणे आणाव का न्हाई?"

ते वाक्य मी वर्षभर गावभर करून दाखवलो. दोन्ही आवाजात. लोकांना मास्तर कळला न्हाई पण मास्तर ऐकायलाय हे पाठ झालं. बँकेत कॅशियर डुलक्या खायला लागला की लोक म्हणायचे, थांबा, मास्तर ऐकायलाय.

पण अक्कानं खालनं ऐकलं होतं. पुढच्या रविवारी पियानो थांबला की जिन्यावर पावलं वाजली आणि फुटाण्याचं ताट वर आलं. अप्पांनी ताट तसंच परत पाठवलं. त्याच्या पुढच्या रविवारी बी आलं, परत गेलं. अक्का म्हणजे गोल, ठेंगणी बाई, हाताला कायम पीठ. तिला वाटायचं एवढी माणसं हात पुढं करायलेत तर कुणीतरी काहीतरी ठेवलं पाहिजे. अप्पांना वाटायचं हिला काही कळत न्हाई. तसं ते तोंडावर बी म्हणायचे.

नवीन माणूस आला की अप्पा आधी बिनटॅगची रेकॉर्ड लावायचे. नकली बियाणं असलीच्या शेजारी ठेवून दाखवतात तसं. म्हणायचे, हे खायचं धान्य बघ, म्हणजे पेरायचं कळंल. ती मास्तरनं कुठल्यातरी खाणावळीत वाजवलेली. सुरू झाली की लोकांची कुजबूज, कुणीतरी बाई हसायलीय. अप्पांचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं व्हायचं. लोक जेवायलेत आणि हा वाजवायलाय, म्हणायचे, पोटासाठी केलंय. एवढं म्हणून सुई उचलायचे. साकु, साकु. कानडीत साकु म्हणजे बास. त्या रेकॉर्डची सुरुवात सोडून पुढचं काही आम्ही कधी ऐकलंच न्हाई. मला वाटतंय, अप्पांनी बी न्हाई.

आता मी काही फुकटात बसून ऐकणारा न्हाई. कपाटं मिळाली तर विकून मोटारसायकल येईल, हा माझा सरळ हिशेब होता. म्हणून मी युक्ती केलो. अप्पा कव्हर काढायले की टॅग बघायचा. पिवळा दिसला की डोळे मिटायचे, मान हलवायची, पण अप्पांपेक्षा कमी, आणि मास्तर थांबला की श्वास सोडायचा. अप्पा खूष. नरसिंगकाकांना म्हणायचे, ह्या पोराला कान हाय, तुमाला कानवले हायत.

त्यात एक गोची झाली. एक निळ्या टॅगची रेकॉर्ड होती. त्यात मास्तर साधी गाणी वाजवतोय, हळू, आणि ढोलवाला ढोलावर झाडणी फिरवतोय, अक्का ज्वारी चाळायलीय तसा आवाज. ती मला आवडली. नाटक न करता आवडली. मी फोनवर ती हुडकून बीदरच्या बसमध्ये ऐकायलो, कानात इअरफोनची बोंडं घालून. हालणाऱ्या बसमध्ये ती लई भारी वाटती. एक दिवस तोंडातून निघून गेलं, अप्पा, ती निळीवाली लावा की. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, पोरगं काठावर पास झालेल्या बापासारखं. तुझा कान अजून निळ्यातच हाय, म्हणले. मग मी परत पिवळ्याला माना हलवायलो.

मग दसरा आला. आमच्याकडं घट बसायच्या आधी बाया दसरा काढतात. म्हणजे घरातलं जे जे हाय ते बाहेर काढून धुणार. वाकळा, भांडी, फडताळं, देव, नवरा समोर आला तर नवरा. चार दिवस औरादच्या ओढ्यावर उभं राहायला जागा नसती. त्या वर्षी अप्पा माल आणायला बीदरच्या गंज बाजारात गेले होते, आणि अक्कानं वरची खोली बी काढली. कपाटातल्या सगळ्या रेकॉर्डी कव्हरातून काढल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, गच्चीवर सावलीत चटईवर वाळत घातल्या. पापडासारख्या. कव्हरं बी पुसली. संध्याकाळी सगळं जागच्या जागी. अप्पा आले, कपाट चकचकीत, टॅग जागेवर, अप्पा खूष.

दसरा झाल्यावरचा रविवार म्हणजे निकालाचा रविवार. अप्पांनी सांगितलं होतं, आज सगळ्यात मोठी पिवळी लावतो, आणि आज ठरवतो. नरसिंगकाका धुतलेलं धोतर नेसून आले होते. त्यांना बी आता कपाटं पाहिजे होती, लोखंड चांगलं होतं.

अप्पांनी कव्हर छातीशी धरलं. रेकॉर्ड काढली. चष्मा खाली दुकानात. खोलीत ते कधी चष्मा लावायचे न्हाईत, मास्तरला मी हातानं ओळखतो म्हणायचे. डोळे मिटून रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली.

मास्तर सुरू झाला. गोड होतं. मला वाटलं, बरं झालं, शेवटच्या दिवशी तरी ऐकण्यासारखं काहीतरी आलं. अप्पांनी हनुवटी वर केली. तुला कळणार न्हाई, पण सांगतो, म्हणले, हे त्यानं एका थंडगार हॉलमध्ये वाजवलंय, बाहेर बर्फ, आत एक माणूस हलायला तयार न्हाई. तेवढ्यात रेकॉर्डमध्ये काहीतरी किणकिणलं. अप्पांनी बोट वर केलं. ऐकलास? मास्तरची अंगठी पट्टीला लागायलीय. परत किणकिणलं. अंगठी, अप्पा म्हणले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बी डोळे पुसलो. नरसिंगकाकांनी माझ्याकडं बघून पुसले.

खाली अक्का भाकऱ्या थापायलती. रोजचंच. पण त्या दिवशी थापणं मास्तरच्या बरोबर जायलतं. मास्तर चढला की थाप जलद, मास्तर हळू झाला की हळू. मास्तर कुठं वळणार हे तव्याला आधीच माहीत असल्यासारखं. नरसिंगकाका माझ्या कानात म्हणले, ठेका बरोबर हाय रे खालचा.

आणि पियानो थांबला. बेस सुरू झाला. आमचे हात उठले, आम्ही ते मांडीखाली दाबले. जिन्यावर पावलं आली. अक्का दारात, पिठाचे हात, ताट न्हाई. कधी न्हाई ती हसायलती.

"अहो, आज माझीवाली कशी लावलाव?"

अप्पांनी डोळे उघडले न्हाईत. म्हणले, तुझी कुठली.

"हीच की. खाणावळीतली. तुमी बीदरला गेलाव की मी हीच लावते. ही दुसरी बाजू हाय हिची."

खोलीत बेस तेवढा वाजायलता. नरसिंगकाकांनी खोकला आला न्हाई तरी खोकलून घेतलं. अप्पा उठले, सुई उचलली, रेकॉर्ड माझ्या हातात दिली.

"वाच."

मी मधला गोल कागद वाचलो. उच्चार चुकवतच वाचलो असणार, पण अप्पांनी सुधारलं न्हाई. खायचं धान्यच होतं ते. पिवळ्याच्या पोत्यात भरलेलं.

अप्पा अक्काकडं वळले. एक डोळा बारीक केला, हनुवटी वर. "तुला कळणार न्हाई," म्हणले, "पण..." आणि पुढचं आलंच न्हाई. मी वाट बघितलो. अक्का बी बघितली. मग खाली भाकरी करपायचा वास आला आणि ती गेली.

त्या माणसानं आपलं चुकलं असं म्हणलं असंल असं वाटत असंल तर तुमी अप्पांना ओळखत न्हाई. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला सांगायलते, बायकांनी दसरा काढताना दुकानाकडं फिरकू नये, टॅग सरकतात. पण बैठक बंद झाली. मला बोलावणं न्हाई, नरसिंगकाकांना न्हाई. मी एकदा आपलं सहज विचारलो, अप्पा, कपाटांचं काय. माझ्याकडं न बघता म्हणले, तू बी रडलास की.

हे मात्र बरोबर होतं. आणि माझी मोटारसायकल तिथंच बुडाली.

दिवाळीच्या तोंडावर कपाटं कलबुर्गीला गेली, एका कॉलेजला. फुकट मिळतंय म्हणून कॉलेजनं घेतली. रेकॉर्डी चढवायला-उतरवायला मी जीपमधून गेलो होतो. तिथल्या शिपायानं टॅग उलटसुलट बघितले आणि अप्पांना विचारलं, ह्याला औषध लावलेलं हाय का, हात धुवावे लागतील का. दुसरा कुणी असता तर अप्पांनी त्याला उभा चिरला असता. अप्पा नुसतं म्हणले, धुवा. रेकॉर्डी जिन्याखाली ठेवल्या. प्लेअर कॉलेजकडं न्हवता. येताना मी जीपमध्ये अप्पांना हसवायला अप्पांचीच नक्कल केलो. मान अजून डावीकडं जायलीय, म्हणले, आणि हुमनाबाद येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

पुढं मला बीदरला लग्नात माईकवर बोलायचं काम मिळालं. तिथंच मैलूर भागात खोली केलो. जायच्या आधी दुपारी दुकानात गेलो, अप्पांच्या पाया पडायला न्हाई, अक्काच्या सुशील्याच्या आशेनं. दुकानात कुणी न्हाई. वरच्या खोलीतून कम्प्युटर क्लासच्या पोरांची टकटक. मागच्या गोदामाचं दार अर्धं उघडं होतं, तिथून बाई हसल्याचा आवाज आला. औरादची न्हाई, अमेरिकेची.

मी दारातून बघितलो. खताच्या पोत्यांवर प्लेअर ठेवलेला. शेजारी कव्हर, त्याला टॅग न्हाई. अक्का खाली बसून सुपात तूर निवडायलती, खडा सापडला की दाराकडं फेकायलती. अप्पा एका पोत्यावर, शर्टाची वरची गुंडी सुटलेली, चष्मा डोळ्यांवर, डोळे मिटलेले. बोटं मांडीवर हालत न्हवती, मात्रा मोजणं न्हाई. आणि बोलायलते बी न्हाई. चन्नप्पा अप्पा आणि मास्तर एका खोलीत, आणि एकटा मास्तर बोलायलाय, हे मी पहिल्यांदाच बघायलो.

खाणावळीत ताटल्या वाजल्या. अंगठी म्हणून हाक मारावी असं माझ्या जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात पियानो थांबला. बेस सुरू झाला, धुम् धुम्. आणि अप्पांचा उजवा हात मांडीवरनं उठला, हळूच पुढं आला, तळवा वर.

अक्कानं मान वर केली न्हाई. पदराच्या गाठीतून फुटाणे काढून तिनं त्या तळव्यावर ठेवले आणि परत तूर निवडायली. मास्तर ऐकायलता. अप्पा डोळे न उघडता फुटाणे खायलते.